बाहेरची प्रार्थना

"आजपण?" असं म्हणत फेन्नानं गोळ्यांची पट्टी टेबलावरून सरकवली, ती येनेकेच्या सूपच्या वाडग्याला येऊन टेकली. "घे एक. लाजतेस काय! रोज जेवायला बसलं की तुझं कपाळ हातात. मला नाही बघवत."

येनेकेनं डोळ्यांवरची बोटं काढली. समोर अठरा वर्षांची फेन्ना, शिकाऊ नर्स, केसांत हिरवी बट, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"थोडंसंच दुखतंय," येनेके म्हणाली. तिनं पट्टीतून एक गोळी दाबून काढली. "जेवल्यावर घेते."

गोळी गणवेशाच्या खिशात गेली. त्या खिशात पेपरमिंट असायच्या. रविवारी चर्चमध्ये प्रवचन लांबलं की चघळायच्या, गावाकडच्या बायकांकडे असतातच तशा. अलीकडे त्या पेपरमिंटमध्ये फेन्नाच्या चार-सहा गोळ्या मिसळल्या होत्या. अंधारात हात घातला तर कुठली कुठली, कळू नये.

डोकं तिचं दुखत नव्हतं. ती प्रार्थना करत होती.

वडिलांच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती आठ भावंडं बसत. आईनं "हात जोडा, डोळे मिटा" म्हटलं की बटाट्यांच्या वाफेखेरीज काही हलत नसे. उत्रेख्तच्या या शुश्रूषागृहात नोकरीला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी येनेकेनं उपाहारगृहात तसेच हात जोडले होते. समोरून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही झोपली की काय?" दुसरा म्हणाला, "झोपली नाहीये, काळ्या मोज्यांवाली आहे. जपून बोल, थेट वर कळवेल." हशा पिकला. तिच्या गावाकडच्या कडक चर्चच्या लोकांना शहरात हेच नाव होतं. मोजे तिचे त्या दिवशी पांढरे होते.

हसणारे दोघेही केव्हाच नोकरी सोडून गेले. त्यांची नावंही तिला आता आठवत नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून ती डावं कोपर टेबलावर टेकू लागली, कपाळ बोटांवर तोलून, ड्यूटीनं दमलेली बाई चोळते तसे डोळे चोळू लागली. तेवढ्या वेळात एक छोटी प्रार्थना बरोबर बसे. चोळणं थांबलं की आमेन.

"पळपुटे!" दुसरा शिकाऊ, सुफियान, ताटलीत पाव, चीज आणि ताकाचा पेला घेऊन येत म्हणाला. "फेन्ना, तू चादरींच्या खोलीत लपून बसलीस आणि कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींना मी एकट्यानं उठवलं."

"त्यांच्याकडे पाद्री आला होता रे. तो असेपर्यंत मी त्या खोलीत पाऊल नाही टाकत."

"तुला काय करतो तो?"

"करत काही नाही. हसतो. बघितलंयस ना कसे हसतात ते? मान एका बाजूला, तोंड मधाळ. आणि मनात तुला केव्हाच नरकात पोचवलेलं असतं. परतीचं तिकीट न काढता."

"मी असताना तुझा नंबर आधी कसा लागेल?"

"तुमची रांग वेगळी आहे, बाबा."

दोघं हसली. येनेकेही हसली, सवयीनं. पण आज तिला तेवढ्यावर थांबवेना. दार अर्धवट उघडं असावं आणि आत आपल्याबद्दलच बोलणं चाललेलं असावं, अशा वेळी माणसाला पुढे जाववत नाही आणि मागेही फिरवत नाही. आपण यांना दिसतो तरी कसे, हे तिला एकदा नीट ऐकायचं होतं.

"पण असं का वाटतं तुला?" तिनं सूप ढवळत विचारलं. "काही झालं होतं का?"

"माझ्या दोन आया आहेत, तुला माहितीये," फेन्ना म्हणाली. "मी तिसरीत-चौथीत असेन. शनिवारच्या बाजारात आम्ही तिघी तळलेले मासे खात उभ्या होतो. एक बाई आली. लांब स्कर्ट, अंबाडा. पत्रक दिलं, ते पण आयांना नाही, मला. म्हणते, ‘बाळ, मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन हं.’ इतक्या कीवेनं बघत होती ना! मला वाटलं, मला काहीतरी झालंय. घरी येऊन मी गुपचूप ताप मोजला."

सुफियान हसायला गेला आणि मध्येच थांबला.

"आणि तशी माणसं..." येनेकेचा आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "ओळखीचं आहे का कुणी? जवळचं?"

"ख्रिस्ती? खरेखुरे, दर रविवारवाले? छे. एकपण नाही." असं म्हणून फेन्नानं आपल्या पावाचा तुकडा मोडला आणि रोजच्यासारखा येनेकेच्या वाडग्यात बुडवून तोंडात टाकला. "ई, गार झालंय तुझं."

त्याच दिवशी दुपारी लेकीच्या शाळेच्या फाटकाशी मार्लूस बाईंनी येनेकेला हाक मारली. "एक मिनिट आहे का तुला?"

बाईंनी असं विचारलं की येनेके आधी लेकीला गर्दीत शोधायची. तिर्झा पडली, तिर्झानं मारलं, तिर्झाला मारलं, एवढं सगळं त्या एका वाक्याच्या मागून धावत यायचं. ही शाळा घराजवळची, साधी सरकारी. चर्चची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. "त्या सरकारी शाळेत आपलं कुणी नसेल," असं आई गावाहून फोनवर म्हणाली होती, आणि येनेके म्हणाली होती, "आई, तुम्ही काळजी करू नका." त्या दिवसापासून आईच्या वाटची काळजीसुद्धा तीच करत होती.

"घाबरू नकोस गं, विशेष काही नाही," मार्लूस बाई म्हणाल्या. "तिर्झाचे डोळे एकदा दाखवून घे. डबा खायच्या वेळी फार चोळते."

"डब्याच्याच वेळी?"

"हो, तीच तर गंमत आहे. चित्रं काढताना नाही, गोष्ट ऐकताना नाही. डबा समोर ठेवला की हे असं." बाईंनी फाटकाच्या खांबावर कोपर टेकलं, कपाळ बोटांत धरलं आणि दमल्यासारखे डोळे चोळून दाखवले.

कोपर डावंच होतं.

"दाखवते," येनेके कशीबशी म्हणाली.

कालव्याच्या कडेनं सायकल चालवताना वारा समोरून येत होता. मागच्या आसनावर तिर्झा पाय हलवत बसली होती. पाच वर्षांची पोर, पण तिचे पाय हलले की अख्खी सायकल डुलायची.

"तिर्झा, बाई सांगत होत्या, तू डोळे चोळतेस."

"चोळत नाही काही. प्रार्थना करते."

"अशी?"

"ही बाहेरची आहे," तिर्झा म्हणाली. आईला एवढंही माहीत नसावं याचं नवल तिच्या आवाजात होतं. "हात जोडतात ती घरातली. ही बाहेरची. पॅनकेकवाल्याकडे तू नाही का केलीस? आणि पोहायचा क्लास झाल्यावर बटाट्याचे काप खाल्ले, तेव्हापण."

"आणि बाबा?"

"बाबा बाहेर करतच नाही. बाबा नुसता खातो."

येनेकेला आधी हसू आलं. घरातल्या चपला वेगळ्या आणि बाहेरचे बूट वेगळे, तशी पोरीनं प्रार्थनेची वाटणी करून टाकली होती. कुणी शिकवलं नव्हतं. नुसतं समोर बसून बघितलं होतं.

"आई."

"काय गं?"

"येशूला कळतं ना पण? का त्यालापण वाटतं, डोळ्यांत कचरा गेलाय?"

येनेकेचे पाय पेडलवर थबकले. सायकल आपल्या वेगानं थोडी पुढे गेली.

"कळतं," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

सुदैवानं सिग्नल लागला.

येनेकेचा नवरा मारिनुस लोकांच्या घरचे बॉयलर दुरुस्त करायचा. संध्याकाळी हातांवरची काजळी घासत तो न्हाणीघरात उभा होता. येनेके दारात टेकून सगळं सांगत होती.

"काय करू सांग. हात जोड म्हणून सांगितलं आणि पोरं हसली तर? पाच वर्षांची आहे ती."

"हसतील. आपल्याला हसले."

"मला हसले म्हणूनच तर..." ती पुढे बोलली नाही. "आणि काही सांगितलं नाही, तर ती जन्मभर डोळे चोळत बसेल. आत्तापासून लपायला शिकेल. कशाची लाज वाटतेय हे कळायच्या आधीच."

"तू तिला काही सांगूच नकोस."

"वा! म्हणजे झालं."

"अगं, ती ऐकून कुठे शिकली? बघून शिकली." मारिनुसनं नळ बंद केला. "टॉवेल दे."

दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात ती बसली, तर पट्टी आधीच तिच्या जागेवर ठेवलेली होती.

"मी प्रमुख नर्सबाईंशी बोलले," फेन्ना म्हणाली. "तुझ्या डोक्याचं. म्हटलं, हिला डॉक्टरकडे पाठवा, स्वतःहून काही ही जायची नाही. रागावू नकोस हं."

येनेकेनं खिशात हात घातला. पेपरमिंट बाजूला सारत एकेक गोळी काढली आणि टेबलावर ठेवली. काहींना खिशातली धूळ लागली होती.

"माझं डोकं दुखत नाही, फेन्ना. कधीच दुखत नव्हतं. मी प्रार्थना करते. जेवणाआधी. डोळे चोळल्यासारखं करून."

सुफियानचा पेला तोंडाशीच थांबला. "रोज? अगं, मग सांगायचं की! मी नेमका तेव्हाच येऊन बडबड करतो. माझा रोजा असला की मी अख्ख्या इमारतीला ऐकवतो. निदान जड म्हातारे तरी माझ्या वाट्याला येत नाहीत."

फेन्ना मात्र गोळ्यांकडे बघत होती. तिनं बोटानं त्या एका ओळीत लावल्या.

"म्हणजे काल मी सांगत होते, ते बाजारातलं, आयांचं..."

"हो."

"आणि तू विचारत होतीस, ओळखीचं कुणी आहे का."

"हो."

"मजा वाटली असेल."

"मजा नाही गं. मला ऐकायचं होतं. तुला माहीत असतं तर तू बोलली नसतीस."

"नसतेच बोलले. म्हणून तर म्हणतेय." तिचे कान लाल झाले होते. "माझ्यासाठी केलीस कधी? प्रार्थना?"

येनेकेला खोटं बोलणं सोपं होतं. गेली कित्येक वर्षं ती रोज दुपारी तेच करत आली होती.

"केली. तुझी परीक्षा होती तेव्हा."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"अभ्यास करून पास झाले मी. माहितीसाठी सांगते." फेन्ना पुढे झुकली. "बरं, मग आता सांगूनच टाक. माझ्या आया. तुमच्या हिशेबात त्यांचं काय?"

आजूबाजूला चमचे वाजत होते. लहानपणी दर आठवड्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात येनेकेनं उत्तरं पाठ केली होती. प्रश्न विचारला की उत्तर आपोआप जिभेवर यायचं. आत्ताही आलं. ती ते जिभेवर धरून बसली आणि फेन्नाकडे बघत राहिली.

"माझ्या गावात विचारलंस तर लगेच उत्तर मिळेल," ती शेवटी म्हणाली. "मला ते पाठ आहे. पण तुझ्या तोंडावर ते म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि ते खोटं आहे असं म्हणायलाही अजून धजत नाही. गेल्या नाताळात तुझी थोरली आई इथे केक घेऊन आली होती. कोपऱ्यातल्या आजींना स्वतःच्या हातानं भरवत बसली होती. तेव्हापासून ते उत्तर माझ्या घशात अडकलंय."

"अडकलंय?" फेन्ना म्हणाली. "मग गोळी देऊ का एक?"

सुफियाननं खाली बघितलं.

"हे उत्तर नाही झालं, येनेके."

"नाही झालं. कळतंय मला."

फेन्नानं ताटली उचलली आणि ती खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली, पाठ करून. गोळ्यांची ओळ तशीच राहिली. येनेकेनं दोन्ही हात टेबलावर आणले, एकमेकांत गुंफले आणि सगळ्यांदेखत डोळे मिटले. शब्द काही आठवेनात. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं क्षणभर तिला वाटलं. निदान लोक बदललेले नाहीत एवढं तरी कळलं असतं.

शनिवारी ती तिर्झाला आणि मारिनुसला घेऊन पॅनकेकवाल्याकडे गेली. दुकान गच्च भरलेलं. शेजारच्या टेबलावर वाढदिवसाची टोपी घातलेली मुलं पाकाची बाटली एकमेकांच्या डोक्यावर धरत होती. पॅनकेक आले तसे येनेकेनं हात जोडले. मारिनुसनं काटा उचललेला होता. त्यानं बायकोकडे बघितलं, काटा खाली ठेवला आणि हात जोडले. तिर्झाचं डावं कोपर टेबलावर गेलंच होतं. तिनं बोटांच्या फटीतून आईकडे बघितलं, मग बाबाकडे, मग टोपीवाल्या मुलांकडे.

"आई," ती कुजबुजली, "आपण बाहेर आहोत."

"हो."

"ते बघतायत."

"बघू दे."

"हसले तर?"

येनेकेनं डोळे उघडले नाहीत. "हसतील कदाचित. मग तू पॅनकेक खा."

पुढचं तिला दिसलं नाही. फक्त टेबल जरासं हललं, कोपर उचललं गेल्यासारखं.

थंडी वाढली. उपाहारगृहात रोज वाटाण्याचं घट्ट सूप येऊ लागलं. फेन्ना खिडकीजवळच बसायची. कामात ती चोख होती. येनेकेबरोबर म्हाताऱ्यांना उठवायची, कूस बदलायची, "तू तिकडून धर, मी इकडून" एवढं बोलायची. हिरवी बट जाऊन निळी आली, त्याबद्दल येनेकेला विचारायचं होतं. विचारवलं नाही. जेवताना पाव बुडवायला कुणी येत नव्हतं, त्यामुळे तिच्या वाडग्यातलं सूप रोज उरू लागलं.

"बोलेल गं," सुफियान म्हणायचा. "माझ्याशी एकदा दोन महिने बोलत नव्हती, मी तिच्या मांजराला जाडं म्हटलं म्हणून."

शाळेच्या फाटकाशी एकदा मार्लूस बाई म्हणाल्या, "डोळे बरे झाले हं तिचे. आता हात जोडते. एकानं विचारलं, काय करतेस गं? तर म्हणे, ‘थांब, मला आधी संपवू दे.’"

"हसलं का कुणी?"

"हसले की दोघं-तिघं," बाई सहज म्हणाल्या. "तीपण हसली."

त्या रात्री येनेकेला बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली. तरी पहाटे उठून तिनं एकदा तिर्झाच्या खोलीत डोकावून बघितलंच.

मग एक दुपार आली, बर्फ पडून वितळलेला, सगळीकडे चिखल. सकाळी कोपऱ्यातल्या आजी गेल्या. येनेके आणि फेन्नानं मिळून त्यांना आंघोळ घातली होती, केस विंचरले होते, काही न बोलता. शेवटी हात जुळवून छातीवर ठेवायची वेळ आली, तेव्हा फेन्ना थांबली आणि म्हणाली, "कसे? त्यांच्यात कसे ठेवतात?" येनेकेनं स्वतःचे हात गुंफून दाखवले. फेन्नानं आजींची बोटं तशीच, एकेक करून, जुळवली.

उपाहारगृहात येनेके एकटीच बसली. सुफियानची सुटी होती. तिनं सूप समोर ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले. आजींचं नाव घेतलं. त्यांच्या मुलाचं घेतलं, तो परदेशातून निघाला होता. मग आणखी एक नाव ओठांपर्यंत आलं. ते तिनं तिथेच ठेवलं. ज्यानं सांगितलेलं नाही त्याच्यासाठी मागायचं नाही, असं तिनं हल्ली ठरवलं होतं. ते जमत नसे. नाव घ्यायचं नाही म्हटलं की तेच सगळ्यात मोठं होऊन बसे.

समोरची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिनं घाई केली नाही. आमेन म्हणून डोळे उघडले.

समोर फेन्ना बसली होती, एका हातात मोबाइल, तोंडात पाव. येनेकेकडे ती बघत नव्हती. सूपच्या वाडग्यावर एक बशी उपडी घातलेली होती.

"फार वेळ लावतेस," फेन्ना मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली. "गार होतं."

येनेकेनं उपड्या बशीवर हात टेकवला. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि मग डोळे चोळावे लागले असते.

"मला अजून उत्तर मिळालेलं नाहीये," फेन्ना म्हणाली.

"हो."

"विसरलेली नाहीये मी."

"मीपण नाही."

येनेकेनं बशी उचलली. तिच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरले होते. एक थेंब ओघळून टेबलावर पडला. तिनं वाडगा टेबलाच्या मधोमध सरकवला, आणि चमचा हातात घेऊन फेन्नाचा पाव बुडायची वाट बघत थांबली.